पीडीएफ पुढे पाठवणाऱ्याची जबाबदारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी पुस्तकांच्या पीडीएफ ज्या गटांमधून फिरतात, तिथे फाइलखाली एक ओळ हटकून दिसते: ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही, केवळ वाचनसंस्कृतीसाठी.’ काही जण ‘आले तसे पुढे पाठवले’ एवढेच लिहितात. या ओळीने आपण मोकळे झालो, असे लिहिणाऱ्याला मनापासून वाटत असते. कायद्यात मात्र ती त्याच्याच अंगावर येते. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा ठरायचा तर भंग जाणूनबुजून झाला हे दाखवावे लागते, आणि या पुस्तकावर कुणाचा तरी हक्क आहे हे आपल्याला ठाऊक होते, याची कबुली त्या ओळीतच आहे. दिवाणी दाव्यातही तेच. हक्क आहे हे माहीत नव्हते आणि माहीत असण्याचे वाजवी कारणही नव्हते, असे प्रतिवादीने सिद्ध केले तर कलम ५५ त्याला नुकसानभरपाईतून सूट देते. मनाई हुकूम आणि झालेल्या नफ्याचा हिशेब एवढ्यावर भागते. ही सूट त्या एका ओळीने हातची जाते.

कॉपीराइटवरची चर्चा बहुधा चित्रपटांभोवती फिरते. पुस्तकांची गळती संथ असते आणि तिची बातमी होत नाही, म्हणून हे पत्र पुस्तकांपुरते.

सगळा घोळ ‘वाचणे’ आणि ‘वाटणे’ यांतला फरक पुसल्यामुळे झाला आहे. घरातले पुस्तक शेजाऱ्याला वाचायला दिले, रद्दीत विकले, वाचनालयाला भेट दिले, तरी कायद्याला हरकत नाही. लेखकाचा हक्क नव्या प्रती लोकांत आणण्यापुरता असतो. जी प्रत एकदा विकली जाऊन व्यवहारात आली, ती पुढे कुणाच्या हाती जाते यावर त्याचा ताबा नसतो, हे कलम १४ मध्येच आहे. आपण पुस्तक देतो तेव्हा ते आपल्याकडे उरत नाही. पीडीएफ पाठवतो तेव्हा आपली प्रत जागेवर राहते आणि समोर नवी तयार होते. व्हॉट्सॲपच्या गटात १,०२४ सदस्य असू शकतात. कागदपत्रे आपोआप उतरवून घेण्याची सोय अनेकांनी चालू ठेवलेली असते. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती अनेकदा पाचशे ते हजार प्रतींची असते. म्हणजे भरलेल्या एका गटात फाइल टाकली की एका आवृत्तीइतक्या प्रती काही मिनिटांत तयार होऊ शकतात, आणि त्या छापायला, बांधायला, साठवायला कुणाला काही करावे लागत नाही. टेलिग्रामच्या गटाची मर्यादा दोन लाख सदस्यांची आहे, वाहिनीला तर मर्यादाच नाही.

‘मी कुठे पैसे घेतले?’ हा पुढचा प्रश्न. कलम ५१ चे शब्द इथे नीट वाचायला हवेत. विक्रीसाठी प्रती करणे हा भंग आहेच; त्याशिवाय, हक्कधारकाला बाधा पोहोचेल इतक्या प्रमाणात वाटप करणे हाही भंग आहे, मग त्यात व्यापार असो वा नसो. पैसे न घेतल्याचा फायदा शिक्षेच्या टप्प्यावर मिळू शकतो. कलम ६३ मध्ये किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. भंग धंद्याच्या ओघात, नफ्यासाठी झालेला नसेल तर न्यायालय पुरेशी आणि खास कारणे नोंदवून किमान शिक्षेच्याही खाली येऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. कलम ६४ नुसार उपनिरीक्षक वा त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती जप्त करू शकतो. पुस्तकप्रेमापोटी फाइल पुढे ढकलणाऱ्या निवृत्त माणसाला तुरुंगात पाठवावे, असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण ‘फुकट वाटले म्हणजे गुन्हा नाही’ हे वाक्य चूक आहे, आणि ते आता सुशिक्षित माणसेही ठामपणे बोलू लागली आहेत.

वाचकाची बाजू त्या मानाने सौम्य आहे. कलम ५२ मध्ये खासगी व वैयक्तिक वापरासाठी, त्यात संशोधनही आले, न्याय्य वापराला मोकळीक आहे. समीक्षेसाठी, परीक्षणासाठी, चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठीही आहे. विकत घेतलेल्या पुस्तकातली पंधरा पाने स्वतःच्या अभ्यासासाठी फोनने टिपून ठेवली तर त्यात गैर काही नाही. चोरून फिरवलेले अख्खे पुस्तक उतरवून घेतले तर त्याला ‘न्याय्य’ म्हणता येईल का, यावर वकील तासभर वाद घालू शकतील. मात्र तीच फाइल दुसऱ्या गटात टाकल्या क्षणी वापर वैयक्तिक राहत नाही. तिथून पुढे तो माणूस वितरक झाला.

याच कलमाच्या नावावर काही समजुती पसरल्या आहेत, त्यांचा निकाल थोडक्यात लावायला हवा. दहा टक्के पुस्तक वापरले तर चालते, असा आकडा भारतीय कायद्यात कुठेही नाही. गाण्याचे तीस सेकंद चालतात, असाही नाही. किती घेतले, कशासाठी घेतले आणि मूळ पुस्तकाच्या विक्रीची जागा त्याने घेतली का, हे पाहिले जाते. लेखकाचे नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. नाव न देणे हा कलम ५७ खालचा वेगळा प्रश्न आहे, कारण लेखक म्हणून ओळखले जाण्याचा हक्क सगळे हक्क विकल्यावरही लेखकाकडेच राहतो. पुस्तकावर वर्तुळातला सी छापलेला नसला किंवा कॉपीराइटची नोंदणी केलेली नसली, तरी हक्क असतोच. नोंदणी हा पुरावा आहे, हक्काचा जन्मदाखला नव्हे. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराने १९०८ च्या दुरुस्तीत अशा औपचारिकतांची अट काढून टाकली आणि भारत १९२८ पासून त्या करारात आहे. उलट बाजूही तितकीच खरी: कल्पनेवर, माहितीवर, बातमीतल्या घटनेवर कुणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली कल्पना आणि तिची मांडणी यांत जी रेषा ओढली, ती आजही प्रमाण आहे. पुस्तक वाचून त्यातला विचार स्वतःच्या शब्दांत गटावर मांडा, त्याला कुणी अडवू शकत नाही, आणि पुस्तकाला त्याचा फायदाच होतो.

शिक्षकांना कायद्याने जास्त मोकळीक दिली आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रती भंगात मोडत नाहीत. दिल्ली विद्यापीठाजवळच्या फोटोकॉपी दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली ही तरतूद उदारपणे वाचली; शिकवण्याच्या गरजेपुरत्या प्रतींना पानांची मोजपट्टी लावायला नकार दिला. पण त्या निकालाचा आधार घेऊन राज्यभरच्या गटावर अख्खे संदर्भपुस्तक टाकणे चुकीचे आहे. तिथे वर्ग नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही आणि ‘शिकवण्याचा ओघ’ही नाही.

अभिवाचनाचेही असेच झाले आहे. हौशी मंडळाने विनामूल्य कार्यक्रमात साहित्य सादर केले तर कायदा त्याला मुभा देतो. प्रकाशित साहित्यातले वाजवी उतारे जाहीरपणे वाचायलाही हरकत नाही. संपूर्ण कादंबरी तीस भागांत ध्वनिमुद्रित करून व्हिडिओ वाहिनीवर चढवणे या दोन्हींत बसत नाही, कारण ते लोकांपर्यंत कायमचे पोहोचवणे झाले. जाहिरातींचे पैसे येत असोत वा नसोत. ‘अंध वाचकांसाठी’ असे शीर्षक दिले म्हणून भागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात प्रती करण्याची खरी, चांगली मोकळीक दिली आहे, आणि दृष्टिबाधितांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. त्या तरतुदीत संस्थेने ना नफा तत्त्वावर काम करायचे असते आणि प्रती फक्त त्या वाचकांपर्यंतच जातील याची काळजी घ्यायची असते. ज्या संस्था सदस्यनोंदणी ठेवून हे काम निष्ठेने करतात, त्यांच्याकडे संशयाने पाहायला लावण्याचे पाप हे खोटे शीर्षक लावणाऱ्यांचे आहे.

आता जबाबदारी साखळीत कुठे कुठे पडते ते पाहू. पहिला स्कॅन करणारा. त्याने पुस्तकाची बांधणी उसवलेली असते किंवा एकेक पान फोनच्या स्कॅनरखाली धरलेले असते, म्हणजे अजाणतेपणाचा प्रश्नच नाही. कित्येक पीडीएफच्या आतल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक स्पष्ट दिसतो. वाचनालयांनी हे गांभीर्याने घ्यायला हवे, कारण सार्वजनिक वाचनालयाला कायद्याने दिलेली सवलत मोजकी आहे: जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही त्याच्या वाचनालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती, आणि आपल्या संग्रहात छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल साठवण. ती साठवण बाहेर वाटायला परवानगी कुठेही नाही.

दुसरा पुढे पाठवणारा; त्याचे वर झालेच. तिसरा गटाचा ॲडमिन, आणि त्याच्याबद्दल उगाच भीती पसरली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली एका आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात सांगितले की सदस्याने काय टाकावे यावर ॲडमिनचे आधी नियंत्रण नसते, आणि समान हेतू दिसत नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. प्रकरण कॉपीराइटचे नव्हते, पण तत्त्व इथेही लावता येण्याजोगे आहे. मात्र गटाचे नावच ‘मोफत मराठी पुस्तके’ असेल, ॲडमिन रोज ‘कुणाकडे अमुक पुस्तक आहे का’ असे विचारत असेल, फायली क्रमवार लावून त्यांची यादी वर खिळवून ठेवत असेल, तर तो समान हेतूचा पुरावाच तयार करतो आहे. कलम ६३ मध्ये भंगाला साहाय्य करणाराही येतो. इतर ॲडमिननी फाइल दिसताच ‘सर्वांसाठी हटवा’ हा पर्याय वापरावा. तो ॲडमिनला उपलब्ध आहे. आधीच उतरवून घेतलेल्या प्रती त्याने जात नाहीत, पण आपली भूमिका नोंदली जाते.

चौथा, मंच. इथे दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची गल्लत केली की तक्रार फुकट जाते. व्हॉट्सॲपचे संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात. गटात कोणती फाइल आहे हे कंपनीला दिसत नाही, म्हणून ‘अमुक गटातली फाइल काढा’ या तक्रारीचा उपयोग अगदी मर्यादित. टेलिग्रामच्या सार्वजनिक वाहिन्या, व्हिडिओ मंच, क्लाउडवरच्या ड्राइव्ह यांचे तसे नाही. फाइल त्यांच्या सर्व्हरवर असते आणि प्रत्येक संदेशाला स्वतंत्र दुवा असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७९ अशा मध्यस्थांना संरक्षण देते, पण प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावर त्यांनी हालचाल केली नाही तर ते संरक्षण गळून पडते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा वा शासनाचा आदेश असा अर्थ लावला. कॉपीराइटच्या बाबतीत मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये वेगळी वाट दाखवली: विशिष्ट दुव्यासह नेमकी सूचना मिळाली तर न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत बसता येणार नाही, पण ‘आमची सगळी सामग्री काढा’ असली मोघम सूचना पुरेशी नाही.

मंच ऐकत नाहीत अशी तक्रार असते, पण न्यायालयात गेल्यावर ऐकावे लागते. दैनिकांच्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्राम वाहिन्यांवर रोज टाकल्या जात होत्या, तेव्हा २०२० साली एका हिंदी दैनिकाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वाहिन्या बंद करण्याचा आणि चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. २०२२ साली स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीसाहित्याच्या दाव्यात कंपनीने परदेशी गोपनीयता कायद्याची ढाल पुढे केली. ती न्यायालयाने मानली नाही आणि वाहिन्या चालवणाऱ्यांचे मोबाइल क्रमांक, आयपी पत्ते द्यायला लावले. टोपणनावाखाली आपण दिसत नाही, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

लेखक-प्रकाशकांची लढाई जिथे फसते ती जागा त्याआधीची आहे, म्हणून जरा तपशिलात जातो. पायरेटेड फाइल दिसली की पहिली प्रतिक्रिया म्हणजे वाहिनीवर जाऊन रागाने लिहिणे. पंधरा मिनिटांत फाइल गायब होते, नव्या नावाने दुसरीकडे उघडते आणि हातात पुरावा काहीच उरत नाही. आधी पुरावा गोळा करावा: वाहिनीचे नाव, त्या संदेशाचा दुवा, टाकल्याची तारीख व वेळ, सदस्यसंख्या, किती जणांनी पाहिले त्याचा आकडा, फाइलचे नाव व आकार, हे सारे पडद्याच्या ध्वनिचित्रमुद्रणात, सलग. फाइल उतरवून तिचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा अंकीय ठसा, शक्यतो शा-२५६ पद्धतीचा, काढून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हॅशचा उल्लेख असतो. फाइल आज काढली आणि हॅश दोन महिन्यांनी काढला, तर मधल्या काळात ती बदलली नाही हे सिद्ध करत बसावे लागते.

मग लेखी सूचना. ती प्रताधिकार नियम, २०१३ च्या नियम ७५ च्या साच्यात लिहावी आणि त्यातच कलम ७९ चाही उल्लेख करावा, म्हणजे मध्यस्थ कोणत्या प्रकारचा आहे या वादात वेळ जात नाही. कृती कोणती हे ओळखता येईल असे वर्णन, आपण हक्कधारक किंवा अनन्य परवानाधारक (हा परवाना फक्त आपल्यालाच मिळालेला) आहोत याचा तपशील, ही प्रत बेकायदा का आणि कलम ५२ च्या सवलतींत का बसत नाही, नेमके ठिकाण म्हणजे दुवा, फाइल टाकणारा माहीत असल्यास त्याची माहिती, आणि २१ दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी. सूचना मिळाल्यापासून ३६ तासांत मध्यस्थाने पाऊल उचलायचे असते आणि २१ दिवस ती सामग्री रोखून धरायची असते. बाविसाव्या दिवशी आदेश हाती नसेल तर तो ती पुन्हा खुली करू शकतो, आणि त्याच कृतीसाठी, त्याच ठिकाणाबद्दल, त्याच तक्रारदाराची पुढची सूचना दुर्लक्षू शकतो. बहुसंख्य छोट्या प्रकाशकांचे प्रकरण याच टप्प्यावर संपते.

सूचना फसण्याचे दुसरे कारण आणखी टोचणारे आहे: सूचना पाठवणाऱ्याकडेच हक्क नसतो. प्रकाशकाकडचा करार १९९८ सालचा, त्यात ‘पुस्तकरूपाने प्रकाशनाचे हक्क’ एवढेच शब्द. कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना लेखी करार, सही, कृती कोणती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे सगळे यावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. करार वेगळे काही सांगत नसेल आणि प्रकाशकाने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर तो संपुष्टात आल्याचे मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने असेही ठरवले की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यवहारात नव्हते, त्याचे हक्क त्याचा नामनिर्देश केल्याशिवाय जात नाहीत. एवढे असताना लेखकाच्या तीन वारसांपैकी एकाची सही घेऊन ई-पुस्तकाच्या चोरीबद्दल नोटीस पाठवली, तर समोरच्याचा वकील पहिल्याच तारखेला करार मागतो. नोटिशीआधी लेखकाचे किंवा सर्व वारसांचे अधिकारपत्र घ्यावे, आणि दावा अनन्य परवानाधारक म्हणून असेल तर हक्कधारकाला पक्षकार करावे.

यात प्रकाशकांची एक चूक स्पष्ट सांगायला हवी. ज्या पुस्तकांच्या पीडीएफ सर्वांत जास्त फिरतात, त्यांतली कितीतरी बाजारात मिळत नाहीत. आवृत्ती संपली, नवी काढायला पैसे नाहीत, वारसांशी बोलणे नाही, ई-आवृत्ती काढलेली नाही, आणि तरी हक्क सोडलेले नाहीत. वाचकाने काय करावे? पुस्तक दुर्मीळ आहे म्हणून ते फुकट होत नाही, हे खरे. पण उपलब्धच नसलेल्या पुस्तकाच्या पीडीएफने विक्री बुडाली हेही न्यायालयाला पटवणे अवघड. मागणीनुसार छपाईचे तंत्र आता पन्नास प्रतींसाठीही परवडते. आणि प्रकाशकाला काहीच करायचे नसेल तर लेखकाने किंवा वारसांनी कलम १९ कडे बोट दाखवून हक्क परत मागावेत. ज्यांना आपले पुस्तक सर्वांना मोकळे करायचे आहे त्यांच्यासाठी कलम २१ आहे. जाहीर सूचना देऊन हक्क सोडता येतात. सगळे सोडायचे नसेल तर ठरावीक अटींवर वाटायची मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे. अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘मुक्तपणे वाटा’ असे दोन शब्द छापले, तर पुढे पाठवणाऱ्याच्या मनातली शंकाही जाते.

मुक्त, म्हणजे हक्काची मुदत संपलेल्या, साहित्याचा साठा तर मोठा आहे, फक्त हिशेब करावा लागतो. लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजायची. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० च्या अखेरपर्यंत आहे, म्हणून त्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ ‘आता जुन्या झाल्या’ म्हणून वाटणे साफ बेकायदा आहे. या हिशेबात तीन ठिकाणी पाय घसरतो. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रकाशित झालेली रोजनिशी किंवा पत्रे असतील तर ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून धरायची. अनुवाद असेल तर मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वी गेलेला असला, तरी मराठी अनुवादकाचा हक्क वेगळा चालतो. आणि मुक्त झालेल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रे, मुखपृष्ठ यांवर त्यांच्या कर्त्यांचा हक्क असतो. स्कॅन करायचे तर जुनी आवृत्ती शोधावी. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वयंसेवक हाच हिशेब तपासून ग्रंथ चढवतात. ज्यांना वाचनसंस्कृतीसाठी खरोखर काही करायचे आहे, त्यांची तिथे मुद्रितशोधनाला फार गरज आहे.

शासनाकडे एक मागणी आहे. चित्रपटांसाठी चलचित्र अधिनियमाच्या २०२३ च्या दुरुस्तीने बेकायदा चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने बारा नोडल अधिकारी नेमले. तक्रार आल्यावर ४८ तासांत पायरेटेड चित्रपट हटवायला लावण्याचे अधिकार त्यांना दिले, न्यायालयात न जाता. पुस्तकासाठी असे काहीही नाही. चित्रपट कंपनी आणि एकट्या लेखिकेचा कायदा एकच, पण २१ दिवसांत वकील, दावा आणि अंतरिम आदेश हे सगळे उभे करणे कंपनीलाच जमते. तीन लाख वा अधिक मूल्याचा दावा वाणिज्य न्यायालयात जातो. तिथे तातडीचा अंतरिम दिलासा मागितला नसेल तर आधी मध्यस्थीची, म्हणजे तडजोडीच्या प्रयत्नाची, पायरी सक्तीची आहे. अमेरिकेने जून २०२२ मध्ये ३० हजार डॉलरपर्यंतच्या कॉपीराइट दाव्यांसाठी स्वतंत्र मंडळ सुरू केले, जिथे वकिलाशिवाय आणि ऑनलाइन काम चालते. आपल्याकडे ग्रंथांसाठी निदान एक नोडल अधिकारी आणि ठरावीक नमुन्याची ऑनलाइन तक्रार एवढे करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

आणि आपल्या वृत्तपत्राकडे दोन. पुस्तक परीक्षणाच्या चौकटीत किंमत आणि पृष्ठसंख्या असते, तिथे ‘ई-आवृत्ती उपलब्ध आहे का’ आणि ‘सध्या छापील प्रत मिळते का’ याही दोन नोंदी द्याव्यात. पीडीएफ शोधणाऱ्यांपैकी अनेकांना अधिकृत ई-आवृत्ती आहे हेच ठाऊक नसते. दुसरे, दर वर्षी १ जानेवारीच्या अंकात त्या दिवशी मुक्त झालेल्या मराठी लेखकांची यादी निधनाच्या वर्षासह छापावी. १९६६ साली दिवंगत झालेल्यांचे हयातीत प्रकाशित झालेले लेखन १ जानेवारी २०२७ रोजी मुक्त होते, १९६७ मधल्यांचे २०२८ रोजी. ही यादी डिसेंबरात तयार करायला ग्रंथपालांची मदत मिळू शकेल.

आपला,
ग्रंथव्यवहारातील एक वाचक